बेहडाटोल्याचे चार खुटे

सकाळी सात वाजता बुद्धभूषणने बेहडाटोला या लहानशा वस्तीच्या मैदानात पिवळी पेटी ठेवली, आणि तिचं झाकण उघडण्याआधीच तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं, चार शेळ्या आणि एक कुत्रं जमलं. कुत्रं पेटी हुंगून निघून गेलं. माणसं मात्र थांबली.

"काय मशीन आहे जी हे?" कोणीतरी विचारलं.

"जमिनीच्या पोटातलं पानी पाहाची."

"मंग दिसलं का?"

"अजून चालूच नाही केली, भाऊ."

"त चालू करून पाहा न."

इतका सरळ सल्ला ऐकून बुद्धभूषणने पेटीचं झाकण उघडलं. त्याच्या नेमणुकीच्या कागदावर काम लिहिलेलं होतं, 'भूभौतिक पद्धतीने भूजल अभ्यासाकरिता तांत्रिक साहाय्य'. अर्जुनी मोरगावला त्याच्या आईने हा कागद शेजारच्या तीन घरी वाचून दाखवला, तिन्ही घरांनी 'म्हणजे काय?' असं विचारलं, आणि मग आईनेही घरी येऊन त्याला तेच विचारलं. खरं सांगायचं तर गेले दोन महिने तांत्रिक साहाय्य म्हणजे रंजिता मॅडमच्या मागे पेटी उचलून चालणं एवढंच होतं. आकडे मॅडम घ्यायच्या, आलेख मॅडम काढायच्या, बोअरचा पॉइंट मॅडम द्यायच्या. पण परवा मॅडमचा पाय मोडला आणि नागपूरला प्लास्टरमध्ये गेला.

"आकडे तुम्ही घ्या आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवा," मॅडमनी फोनवर सांगितलं होतं. "पॉइंट मी इथून सांगते. फक्त एक लक्षात ठेवा, बुद्धभूषण. मशीन सोडून हलायचं नाही. काहीही झालं तरी."

बुद्धभूषण आज्ञाधारक होता. पुढचा सगळा घोटाळा त्याच्या याच गुणामुळे झाला.

मशीनचं काम तसं सोपं असतं. जमिनीत एका रेषेत लोखंडाचे चार खुटे ठोकायचे. दोन मशीनच्या जवळ, दोन दूर. दूरच्या दोघांतून जमिनीत करंट सोडायचा आणि जवळचे दोघे सांगतात की माती किती अडवते आहे. कोरडा खडक फार अडवतो, ओला कमी. दूरचे खुटे जितके लांब न्यावेत तितका करंट खोल जातो. वीस मीटर, चाळीस मीटर, साठ, ऐंशी, शंभर. सगळा हिशोब त्या अंतरावर असतो. अंतर टेपवर एक आणि जमिनीत दुसरंच असलं, तर मशीन इमानदारीने खोटं बोलते.

आणि आज खोटं बोलून चालणार नव्हतं. टोल्यातला हातपंप होळीलाच आटला होता. दांडा मारला की नुसता हवेचा आवाज यायचा. बाया सडकेपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. यंदा टोल्याला एकच बोअर मंजूर होती, आणि ती खोदणारी रिगगाडी कोहमाऱ्याच्या ढाब्यावर उभी होती. गाडीवाला गुलाबचंद काल फोनवर म्हणाला होता, "एक बजे तक पॉइंट दे दो साहब, नहीं तो मैं देवरी निकल जाऊंगा. उधर भी लोग रो रहे हैं."

पाण्याची ही ओढ टोल्यात कोणाला सर्वांत जास्त ठाऊक होती तर रुक्माबाईला. वय सत्तरच्या पुढे, एक गुडघा कामातून गेलेला, घरात आणखी कोणी नाही. विहिरीवरून अर्धी घागर आणायची म्हटली तरी ती वाटेत तीनदा बसायची. बुद्धभूषण दिसल्याबरोबर ती घरातून पिढं घेऊन आली आणि मशीनशेजारी बसली.

"जय भीम, बापा. निघल का पानी?"

"जय भीम, आजी. मशीन सांगल."

"मशीन सांगल ते सांगल. तू का म्हनतं?"

बुद्धभूषणला स्वतःचं मत विचारणारी ही दोन महिन्यांतली पहिलीच व्यक्ती. तो जरा ताठ बसला आणि म्हणाला, "निघल, आजी." म्हणून गेल्यावर त्याला धडकी भरली.

खुटे ठोकायला गावातलेच दोघे रोजीने घेतले होते. पूर्वेला यादोराव, पश्चिमेला छोटेलाल. दोघांच्या हातात हातोडा, खुटा आणि तारेचं टोक. टेपवरच्या आकड्यावर खुटा ठोकायचा आणि "ठोकलाऽऽ" म्हणून ओरडायचं, इतकंच काम. वीस मीटरपर्यंत सगळं मैदानातच होतं, त्यामुळे सगळं बरोबर झालं. त्यापुढे दोन्हीकडे धानशेतीच्या बांध्या लागत होत्या. पूर्वेची बांधी मोहनलाल बिसेनची, पश्चिमेची दुलीचंद बिसेनची. दोघे सख्खे चुलतभाऊ. तलावाकडच्या एका धुऱ्यावरून, शेताच्या सामाईक बांधावरून, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

यादोराव मोहनलालच्या बांधीत उतरला, टेप पाहिला, खुटा उभा धरला आणि हातोडा उचलला, तेवढ्यात मोहनलाल धोतर सावरत धावत आला.

"काय गा यादोराव, कायले ठोकून राहिला?"

"मले का मालूम, पाटील? साहेबानं सांगतलं, चाळीसवर ठोक."

मोहनलालने लांबवर पसरलेला टेप पाहिला, तार पाहिली, खुटा पाहिला. सरकारी माणूस, टेप आणि खुटा असे तिघे एकत्र दिसले की त्या गावात एकच अर्थ निघतो. मागे कालव्याच्या वेळी असाच टेप आला होता, असेच खुटे आले होते, आणि खुटे जिथे उभे राहिले तिथून पुढची जमीन मोहनलालच्या बापाला कधी नांगरता आली नाही.

"मोजनी!" मोहनलाल पुटपुटला. मग आवाज गोड करून म्हणाला, "हे पाय यादोराव, बांधीत नोको गाडू. बाहेर, त्या धुऱ्याच्या पल्याड गाड. तुले तरी का फरक पडते?"

यादोराव दर पावसाळ्यात मोहनलालच्याच बांधीत धानाच्या रोवणीला जायचा. शिवाय त्याच्या मते खुटा तो खुटा. तो बारा पावलं मागे आला, धुऱ्याबाहेर खुटा ठोकला आणि जीव खाऊन ओरडला, "ठोकलाऽऽ!"

तिकडे दुलीचंदने लांबून मोहनलालला धावताना पाहिलं. मोहनलाल धावला म्हणजे काहीतरी असणार, एवढं त्याला पुरेसं होतं. तोही धावला. त्याने छोटेलालच्या हातातून खुटा काढून घेतला, आपल्या बांधीच्या बाजूला बोडी, म्हणजे छोटं तळं होतं, तिच्या काठच्या चिखलात नेऊन खुपसला आणि छोटेलालला म्हणाला, "आता ओरड."

"ठोकलाऽऽ!" छोटेलाल ओरडला.

बुद्धभूषणने मशीनचं बटन दाबलं, आकडा वहीत लिहिला, आणि मान हलवली. मग साठला तेच झालं, ऐंशीलाही तेच झालं. दर वेळी मोहनलाल आणि दुलीचंद आपापल्या टोकाला हजर होते. साडेआठला त्याने आकडे मॅडमला पाठवले. दोन मिनिटांत फोन आला.

"बुद्धभूषण, तुम्ही कुठे आहात?"

"बेहडाटोल्यात, मॅडम."

"नक्की? कारण तुमच्या आकड्यांप्रमाणे वीस मीटरला खडक आहे, चाळीसला समुद्र आहे आणि साठला पुन्हा खडक आहे."

"समुद्र नाही मॅडम. बोडी आहे एक."

"बोडी कुठे आहे?"

"बाजूला आहे. आपल्या रेषेत नाही."

"मग आकड्यात कशी आली?"

मॅडमनी बॅटरी तपासायला सांगितली. भरलेली होती. तारा उलट्या जोडल्या आहेत का ते पाहायला सांगितलं. सुलट होत्या. मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितली. मशीन बंद झाली, पुन्हा चालू झाली आणि आधीचाच आकडा दाखवू लागली.

"खुट्यांना माती नीट धरत नसेल," मॅडम म्हणाल्या. "एप्रिल आहे, जमीन सुकली असेल. मिठाचं पाणी टाका प्रत्येक खुट्याच्या बुडाशी. भरपूर टाका."

बुद्धभूषणने आणलेलं मीठ कालच्या गावात संपलं होतं. त्याने रुक्माबाईकडे पाहिलं.

"आजी, मीठ आहे का घरी? थोडं पानीबी लागल."

रुक्माबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. "मीठ देतो म्हना. पानी? मी तीन घरून मांगून आनलं ते पानी तू मातीत टाकशील?"

"पानी शोधासाठीच टाकाचं आहे, आजी."

"न खारं पानी टाकशील त गोडं कसं निघल?"

पण ती उठली. गुडघ्यावर हात ठेवत घरात गेली, मिठाची अख्खी पुडी आणि पिण्याची अर्धी घागर आणून त्याच्यापुढे ठेवली. बुद्धभूषणला ते पाणी घेताना फार वाईट वाटलं. त्याने जेवढं कमी टाकता येईल तेवढं कमी टाकलं, मीठ मात्र मूठमूठ टाकलं, आणि दूरच्या खुट्यांसाठी यादोराव आणि छोटेलालच्या हाती तसंच मीठपाणी दिलं.

हे शेळ्यांनी पाहिलं. माणसाला तांत्रिक गोष्टी समजायला वेळ लागतो, पण शेळीला मीठ एका क्षणात समजतं. मशीनजवळच्या खुट्यावर तीन शेळ्या मिळून जीभ चालवू लागल्या, आणि रुक्माबाईची काळी शेळी थेट पूर्वेच्या दूरच्या खुट्याकडे गेली. यादोराव तेव्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. बुद्धभूषणने नियमाप्रमाणे "करंऽऽट!" अशी आरोळी दिली. माणसं मागे सरली. शेळीला आरोळीचा अर्थ कोणी सांगितला नव्हता.

शेळी जागच्या जागी हातभर उडाली, खाली आली, खुट्याकडे अत्यंत अपमानित नजरेने पाहिलं आणि टोल्याकडे पळाली. तिला काही झालं नाही. ती दहा मिनिटांनी परत येऊन दुसरा खुटा चाटू लागली. पण गावात मात्र बातमी पसरली की मोजणीच्या खुट्यात करंट सोडला आहे. सगळ्यांत पुढे मोहनलाल होता.

"काऊन जी साहेब? जमीन घ्याची त घ्या, पर करंट लावून घेनार का? लेकरंबाळं आहेत, ढोरं आहेत!"

बुद्धभूषण गोंधळला. "जमीन? कोनाची जमीन?"

"आमची! ही मोजनीच आहे न?"

बुद्धभूषणला आता कुठे काहीतरी कळल्यासारखं वाटलं. तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, मोजनी नाही हे! कोनाचीच जमीन जाऊन नाही राहिली. बोअरसाठी आहे हे. ह्या खुट्यांवरूनच समजते का पानी कुठं आहे."

समजावून सांगितल्याचं त्याला समाधान वाटलं. सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला. कोणी हसलं, कोणी यादोरावच्या पाठीवर थाप मारली. एकटा मोहनलाल हसला नाही. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. खुट्यांवरून पाणी कळतं. म्हणजे खुटा जिथे, पाणी तिथे. आणि आपण सकाळपासून आपल्या हाताने खुटा आपल्या बांधीतून बाहेर काढतो आहोत!

तो पूर्वेकडे चालू लागला. त्याला जाताना पाहून दुलीचंद पश्चिमेकडे चालू लागला.

"सगळं पहिल्यापासून करू," बुद्धभूषणने फोनवर मॅडमला उत्साहाने सांगितलं. "लोकांचा गैरसमज झाला होता. आता मिटला."

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण मशीन सोडू नका."

दुसरी फेरी साडेनऊला सुरू झाली. या वेळी "ठोकलाऽऽ" यायला फार वेळ लागत होता, आणि आवाजही फार लांबून येत होता. एकदा आवाजाबरोबर घंटीही ऐकू आली. अकराला आकडे नागपूरला गेले, आणि फोन लगेच न येता दहा मिनिटांनी आला. मॅडमचा आवाज उतरलेला होता.

"बुद्धभूषण, मी अकरा वर्षं हे काम करते आहे."

"हो, मॅडम."

"असा आलेख मी कधी बघितला नाही. हा खाली जातच नाही. वर जातो. तुमच्या गावात जितकं खोल जावं तितकी जमीन… मला शब्द सापडत नाही. तुमच्या आसपास विजेची लाइन आहे?"

"लोडशेडिंग आहे."

"लोखंडी पाइप गाडलेला?"

"आटलेला हातपंप आहे फक्त."

"मग मलाच काही कळेनासं झालंय," मॅडम म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर बुद्धभूषणने घड्याळ पाहिलं. सव्वा अकरा वाजले होते. पॉइंट दिला नाही तर गुलाबचंदची गाडी देवरीला जाणार, आणि टोल्याचा नंबर पुन्हा कधी लागेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. शेजारी पिढ्यावर बसून रुक्माबाई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेला नजर देणं त्याला जमेना.

"नाही निघत का, बापा?"

"निघल की नाही तेच समजून नाही राहिलं, आजी."

"त मंग इथं बसून का समजल? सकारपासून तू ह्या डब्ब्यातच पाहून राहिला. खुट्याकडं जाऊन पाह्यलं का एकडाव?"

"मशीन सोडून हलाचं नाही, असं मॅडमनं सांगतलं."

"मी बसतो मशीनजवळ. तू जा."

बुद्धभूषण उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मॅडमचं ऐकलं नाही. टेपच्या बाजूबाजूने पूर्वेला चालत तो शंभराच्या आकड्यापर्यंत गेला. तिथे खुटा नव्हता. तार मात्र होती, आणि ती आणखी पुढे, धुरा ओलांडून मोहनलालच्या अंगणात शिरली होती. बुद्धभूषण तारेमागून गेला. खुटा मोहनलालच्या गोठ्याशेजारी दिमाखात उभा होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, समोर नारळ फोडलेला होता, उदबत्ती जळत होती, आणि मोहनलालची बायको रामबाई घंटी वाजवत होती. यादोराव बाजूला बसून खोबरं खात होता.

"या साहेब," मोहनलाल म्हणाला. "इथंच बरं वाटते न?"

बुद्धभूषण तिथूनच वळला आणि पश्चिमेकडे धावला. दुलीचंदचा खुटा वांग्याच्या वाफ्यात होता. आकार जरा वेगळा वाटला म्हणून त्याने वाकून पाहिलं. तो त्यांचा खुटाच नव्हता. दुलीचंदने घरची सब्बल, म्हणजे पहार, गाडली होती, खुट्यापेक्षा ती जास्त खोल जाते म्हणून.

दोघांनाही तो ओढतच मशीनजवळ घेऊन आला. मोहनलाल पेटीच्या एका बाजूला उभा राहिला, दुलीचंद दुसऱ्या, आणि दोघांनी आपापली तोंडं विरुद्ध दिशेला केली.

"खुटा जिथं आहे तिथं पानी नसते!" बुद्धभूषण ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "खुटा नुसता मापासाठी असते. पानी समजते ते मधातलं! मधातलं!"

"मधातलं म्हंजे कुठचं?" मोहनलालने विचारलं.

"इथचं. जिथं मशीन आहे."

सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं. मशीनला टेकून रुक्माबाई बसली होती.

"त मशीन थोडी तिकडं सरकवा न, साहेब," मोहनलाल म्हणाला.

"ते का म्हनून?" दुलीचंद हवेशी बोलला. "सरकवाचीच असल त इकडं सरकवा."

बुद्धभूषण मटकन खाली बसला. घड्याळात साडेअकरा झाले होते. त्याला आता रडू यायचं तेवढं बाकी होतं. खुट्यांजवळ स्वतः उभं राहावं तर मशीन कोण चालवणार? यादोराव आणि छोटेलालला कितीही बजावलं तरी ते धन्याच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. रुक्माबाईने पदराने तोंड पुसलं.

"हे पाय बापा," ती सावकाश म्हणाली. "मोहनलाल पाटलाले तिकडं उभा कर, दुलीचंदाच्या बांधीत. न दुलीचंद पाटलाले इकडं कर, मोहनलालाच्या बांधीत. खुटा आपल्या वावरात नाही, दुसऱ्याच्या वावरात राखाचा."

"त्यानं का होईल, आजी?"

"बोटभर हलनार नाही खुटा. अकरा वर्साची राखन आहे ते."

बुद्धभूषणने दोघांकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच सारखाच भाव होता. दुसऱ्याच्या बांधीत उभं राहून त्याची लबाडी पकडायची! आणि तीही सरकारी कामात! दोघंही धावतच निघाले, एकमेकांना न पाहता, एकमेकांच्या शेतात.

त्यानंतर जे काम झालं तसं काम बुद्धभूषणने मॅडमच्या हाताखालीही पाहिलं नव्हतं. दुलीचंद टेपवर नाक टेकवून बसला होता. "साठ म्हंजे साठ! चार बोटं मागं घे, यादोराव! मोहनलालाच्या सांगन्यावरून पुढं जातं का?" तिकडून मोहनलाल ओरडत होता, "छोटेलाल, वाकडा आहे खुटा! सरळ कर! त्याले सांग, माह्या डोऱ्यादेखत चालनार नाही हे!" शेळ्या जवळ आल्या की दोघंही दगड मारत होते. पाऊण तासात चाळीस, साठ, ऐंशी, शंभर अशी सगळी मापं झाली. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी मॅडमचा फोन आला.

"बुद्धभूषण! काय केलंत तुम्ही? काय सुंदर आलेख आलाय! पन्नास-पंचावन्न मीटरला तडकलेला खडक आहे, आणि ओला आहे. तुम्ही जिथे बसला आहात तिथेच पॉइंट द्या. मशीनमध्ये काय बिघाड होता?"

"मशीनमध्ये नव्हता, मॅडम," बुद्धभूषण म्हणाला. सगळं सांगायला वेळ नव्हता.

गुलाबचंदला फोन लावला तर तो म्हणाला, "रास्ता दिखाने आओ साहब. पिछली बार टोली की गली में गाड़ी धंस गई थी." बुद्धभूषणने सगळं सामान पेटीत भरलं, मध्यावर एक खुटा ठोकला, त्याच्याभोवती चुन्याचा गोल काढला आणि रुक्माबाईला म्हणाला, "आजी, इथं लक्ष ठेवा. मी आलोच."

"जाय तू. मी आहो."

कोहमाऱ्याला जाऊन, गाडीवाल्याचं जेवण होईपर्यंत थांबून, पुढे मोटारसायकल आणि मागे रिग अशी वरात घेऊन तो टोल्यात शिरला तेव्हा दोन वाजून गेले होते. मैदानात येऊन गुलाबचंदने खिडकीतून मान बाहेर काढली.

"कौन सा पॉइंट है?"

बुद्धभूषणने मैदानाकडे पाहिलं. मैदानात अकरा खुटे होते. सब्बल होती, खाटेचा पाय होता, बांबू होते, ढोरं बांधायच्या खुट्या होत्या. प्रत्येकाभोवती चुन्याचा गोल होता. एक मोहनलालच्या बांधीला लागून, एक दुलीचंदच्या बांधीला लागून, बाकीचे ज्याच्या त्याच्या दारासमोर. दोघांच्या खुट्यापुढे नारळही फोडलेले. त्याचा स्वतःचा खुटा कुठेच दिसेना.

"साहब, ग्यारह बोर है क्या?" गुलाबचंदने विचारलं.

"इकडं पाय, बापा!" आंब्याच्या सावलीच्या काठावरून हाक आली. रुक्माबाई पिढ्यावर बसली होती. पदर डोक्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"खुटा कुठं आहे, आजी?"

"माह्याखाली."

तिने पिढं जरासं उचलून दाखवलं. खाली चकचकीत लोखंडी खुटा उभा होता, हाच त्यांचा. बुद्धभूषणला एवढा आनंद झाला की तो तिच्या पाया पडणार होता.

"उठा आता, आजी. गाडी लावू द्या."

"पहिले त्याची गाडी इथपरेंत येऊ दे. मंग उठतो. तू गेल्यापासून सात जन आले मले उठवाले. एकानं चहा आनला, एकानं म्हनलं घरी आग लागली." ती जागची हलली नाही. गुलाबचंदने आंब्याची एक फांदी तोडली, गाडीचा मनोरा तिच्यापासून हातभर अंतरावर उभा केला, तेव्हाच ती उठली.

रिग सुरू झाली. आधी लाल माती आली, मग मुरूम, मग पांढरा भुकटा. शंभर फूट गेलं, नुसती धूळ. दीडशे गेलं, धूळ. मोहनलालने दुलीचंदकडे न पाहता मोठ्याने म्हटलं की आपल्या बांधीत घेतली असती तर केव्हाच लागलं असतं. बुद्धभूषण घामाने भिजला होता. सकाळी तो तिला 'निघल' म्हणून बसला होता, तो एक शब्द त्याला दिवसभर टोचत होता. एकशे सत्तर फुटांना भुकटा ओला झाला. एकशे ब्याऐंशीला गाडीने घशात काही अडकल्यासारखा आवाज केला, आणि मग पाणी उसळलं. आधी गढूळ, मग पांढरं, मनोऱ्याच्या अर्ध्यापर्यंत.

टोल्यातल्या बाया ओरडल्या. शेळ्या पळाल्या. रुक्माबाईने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि त्या वाहत्या पाण्यात अनवाणी जाऊन उभी राहिली. तिने ओंजळ भरली, चाखली.

"गोडं आहे," तिने बुद्धभूषणला ओरडून सांगितलं. "मीठ नाही लागत."

बुद्धभूषणचे डोळे भरून आले. मोहनलाल आणि दुलीचंद दोघेही पुढे आले होते. दोघांनी एकाच वेळी पाण्यात हात घातला, चटकन मागे घेतला आणि दोन बाजूंना निघून गेले.

संध्याकाळी पाचला मॅडमना अहवालासाठी फोटो हवे होते. बुद्धभूषणने सकाळी मशीनचा काढलेला फोटो उघडला, आता बोअरचा काढलेला फोटो उघडला, आणि बराच वेळ एकातून दुसऱ्याकडे पाहत राहिला. सकाळच्या फोटोत मशीनच्या नेमका मागे आटलेला हातपंप होता आणि आंबा पार डाव्या कोपऱ्यात. आताच्या फोटोत बोअर आंब्याखाली होती आणि हातपंप उजव्या कोपऱ्यात.

"आजी," त्याने हळूच विचारलं, "तुम्ही खुट्यावरच बसल्या होत्या न? हलल्या त नाही?"

"हलली न," रुक्माबाई म्हणाली. "ऊन आलं होतं, बापा. दीडच्या उन्हात मानूस बसल का? मंग सावलीत सरकली."

"न खुटा?"

"खुटा कसा सोडू? ह्या लोकायचा भरोसा आहे का? उपटला न सोबत घेतला."

बुद्धभूषणने मॅडमला फोन लावला. लपवावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण ते त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, पॉइंट थोडा सरकला."

"म्हणजे किती?"

"सावलीइतका."

मग मॅडमनी विचारलं, "पाणी किती आहे?"

"भरपूर आहे, मॅडम."

"मग अहवाल भरा आणि पाठवा. मला आता आणखी काही समजून घ्यायचं नाहीये."

बुद्धभूषण आंब्याखाली बसला आणि अहवालाचा कागद मांडीवर घेतला. गावाचं नाव, तारीख, खोली सगळं भरलं. शेवटी एक रकाना होता, 'तांत्रिक साहाय्य', आणि त्यापुढे दर वेळी तो स्वतःचं नाव लिहायचा. त्याने पेन टेकवला, जरा थांबला. समोर गाडीने उपसलेल्या पाण्याने रुक्माबाई घागर भरत होती, आणि तिच्या काळ्या शेळीने मैदानातल्या अकरा खुट्यांपैकी चौथा चाटायला घेतला होता. त्याने रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'श्रीमती रुक्माबाई', आणि खाली सही केली.